सोलरची सबसिडी आणि सासऱ्यांच्या नावावरचं मीटर

प्रश्न : आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्र अगदी जवळ. पुढचं घर कौलारू आणि मागच्या पडवीवर स्लॅब आहे. महिन्याला साधारण २५० युनिट जळतात. भाचा अमेरिकेत असतो, तो म्हणतो तिकडे सोलर लावलं की टॅक्समधून पैसे वळते होतात. आपल्याकडे तसं काही आहे का? सोलरवाला म्हणतो ३ किलोवॅट घ्या, ७८ हजार सबसिडी मिळेल, मग वादळात लाइट गेली तरी काळजी नाही. मीटर अजून सासऱ्यांच्याच नावावर आहे, ते जाऊन नऊ वर्षं झाली. काय करू?

उत्तर : ताई, सगळ्यात आधी ते मीटर तुमच्या नाहीतर यजमानांच्या नावावर करून घ्या. अर्ज ज्याचा, बिल त्याच्याच नावावर लागतं आणि सबसिडी पण त्याच्याच बँक खात्यात येते. आपल्याकडे घर चार भावांचं, बिल आजोबांच्या नावावर आणि भरतो मात्र गावात राहतो तो, हे घरोघरी आहे, म्हणून मुंबईच्या दीर-जावांना पण आत्ताच विचारून ठेवा, छप्पर सामाईक असेल तर संमती लेखी घ्या, पॅनल चढल्यावर वाद नको.

भाच्याचं म्हणणं खरं होतं, तिकडे घरच्या सोलरच्या खर्चावर ३० टक्के टॅक्स क्रेडिट मिळायचं, पण २०२५ च्या डिसेंबरअखेर ते बंद झालं. आपल्या इन्कम टॅक्समध्ये घरच्या सोलरला अशी वेगळी सूट नाहीच. आपल्याकडे आहे ती थेट सबसिडी, २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेची. पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, म्हणून ३ किलोवॅटला ७८ हजार, त्याच्या वर कितीही लावा आकडा तोच. पॅनल भारतीय बनावटीचेच लागतात. आणि पैसे नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारं) बसून तपासणी झाल्यावर येतात, तोपर्यंत खर्च तुमचा किंवा बँकेच्या कर्जाचा, हे धरून चला.

पण तुम्हाला ३ किलोवॅट कशाला हवंय? १ किलोवॅट चांगल्या उन्हात दिवसाला साधारण ४ युनिट देतं, म्हणजे २ किलोवॅटचे महिन्याला २४० च्या आसपास झाले. पावसाळ्यात कमी पडतील, पण एप्रिल-मेमध्ये जास्तीचे बनलेले युनिट पुढच्या बिलात वळते होतात. त्याआधी पंखे बदला. जुना पंखा ७५ वॅट खातो, कमी विजेवर चालणारा नवा बीएलडीसी पंखा ३०-३५. पाच पंखे दहा तास चालले तर महिन्याला ६० युनिट वाचतात, त्याला सबसिडी नाही तरी मला तो खर्च सगळ्यात शहाणपणाचा वाटतो.

वादळाचं जे सांगितलंय ते मात्र चूक आहे आणि मला त्याचा रागच आला. साधं ऑनग्रिड, म्हणजे बाहेरच्या विजेच्या लाइनला जोडलेलं बिनबॅटरीचं सोलर लाइट गेली की आपोआप बंद पडतं, भर उन्हात सुद्धा, कारण तारेवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळानंतर आपल्याकडे कित्येक दिवस लाइट नव्हती, त्या वेळी असलं सोलर काही कामाला आलं नसतं. बॅटरी हवी तर हायब्रिड इन्व्हर्टर (लाइन आणि बॅटरी दोन्ही सांभाळणारा) घ्यावा लागतो आणि बॅटरीला वेगळी सबसिडी नाही.

पॅनल कौलांवर चढवू नका, स्लॅबवरच घ्या, २ किलोवॅटला दोनेकशे चौरस फूट मोकळी जागा पुरते. खारा वारा लोखंड खातो, म्हणून स्टँड हॉट डिप गॅल्वनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं), नटबोल्ट ३१६ ग्रेड स्टेनलेसचे आणि पॅनलला खाऱ्या हवेची आयईसी ६१७०१ चाचणी झालेली, हे कोटेशनमध्ये लिहूनच घ्या, तोंडी नको.

आणि परड्यातल्या आंब्याच्या कलमाची सावली बघा. डिसेंबरात ऊन दक्षिणेला कललेलं असतं तेव्हा सावली सगळ्यात लांब पडते, त्या दिवसांत सकाळी नऊ ते दुपारी तीन स्लॅबवर कुठे सावली येते ते खडूने आखून ठेवा. एका पॅनलवर सावली पडली तरी सोबत जोडलेल्या बाकीच्यांचं उत्पादन उतरू शकतं. पण म्हणून हापूस तोडू नका हां, पॅनल सरकवता येतो.