वडिलांचं मृत्युपत्र खोटं वाटतंय, कोर्टात काय टिकेल?

ताई, तुमचं म्हणणं असं: वडील ८४ वर्षांचे, लकव्याने अंथरुणावर. ते वारले आणि गंधमुक्तीचा विधी होताच भावाने मृत्युपत्र बाहेर काढलं. चोपडा तालुक्यातली बाराही एकर त्याच्या नावे, तुम्हा दोघी बहिणींना काही नाही. आई आधीच गेलेली. मृत्युपत्र रजिस्टर आहे, त्यावर वडिलांचा अंगठा, साक्षीदार भावाचा मेहुणा आणि एक मित्र. आता तलाठ्याची फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावर नाव बदलण्याची, नोटीस आली आहे.

मी जळगाव जिल्ह्यात दिवाणी वकिली करतो. मृत्युपत्राचं बाजूला ठेवा, आधी जमीन कोणाची होती ते बघा. जुने सातबारे आणि फेरफार काढा. जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली असेल तर ती कोणालाही द्यायला ते मोकळे होते. एकत्र कुटुंबाची वडिलोपार्जित असेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीही जन्मतः हिस्सेदार आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात ते पक्कं केलं. मग वडील, भाऊ, तुम्ही दोघी असे चार हिस्से, आणि वडील मृत्युपत्राने देऊ शकत होते फक्त आपला, म्हणजे ३ एकर. मृत्युपत्र शंभर टक्के खरं निघालं तरी भावाकडे ६ एकर जातील, तुम्हा दोघींचे तीन-तीन शाबूत. मात्र ‘आजोबांची जमीन’ म्हटली की ती वडिलोपार्जितच, असं नाही. आजोबांनी स्वतः कमावलेली जमीन ते १९५६ नंतर, म्हणजे हा कायदा आल्यावर, वारल्याने वडिलांना वारसाने आली असेल, तर ती वडिलांची स्वतंत्र मिळकत धरली जाते. म्हणून आजोबांनी ती कशी मिळवली आणि ते कधी वारले, हे कागदावर हवं.

आता मृत्युपत्र. बहुतेक जण ‘बापाने लेकींवर असा अन्याय कसा केला’ इथूनच सुरू करतात. कोर्ट न्याय-अन्याय मोजत नाही. ही खरंच त्या माणसाची इच्छा होती का, एवढंच बघतं. मुलींना वगळणं एवढ्याने मृत्युपत्र पडत नाही, इतर गोष्टींच्या जोडीला ते संशय वाढवतं. रजिस्टर आहे म्हणून खचू नका. मृत्युपत्राला नोंदणी सक्तीची नाही, आणि नोंदणी झाली म्हणून ते सिद्धही होत नाही.

सिद्ध करायचं ओझं भावावर आहे. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे किमान दोन साक्षीदार लागतात. प्रत्येकाने वडिलांना सही-अंगठा करताना पाहिलेलं असावं किंवा वडिलांनी त्याच्याजवळ तसं कबूल केलेलं असावं, आणि साक्षीदाराने स्वतःची सही वडिलांसमोर केलेली असावी. हयात असलेल्यांपैकी निदान एकाला कोर्टात येऊन हे सांगावं लागतं. मेहुणा साक्षीदार असणं बेकायदा नाही, पण खरी लढाई त्याच्या उलटतपासणीतच होते: घरी की कचेरीत, कोण कुठे बसलं होतं, मजकूर वाचून कोणी दाखवला, बोलता येत होतं का.

संशयाच्या मुद्द्यावर १९५९ सालापासून सर्वोच्च न्यायालयाच्या वेंकटाचल अय्यंगार निकालाचा आधार दिला जातो: परिस्थिती संशयास्पद असेल तर मृत्युपत्र पुढे करणाऱ्यानेच तो संशय दूर करायचा. तुमच्याकडे असं बरंच आहे. वडील बँकेत सही करायचे आणि इथे अंगठा, असं तुम्ही लिहिलंय. भाऊ म्हणेल, हातच चालत नव्हता. म्हणून त्या महिन्यातले दवाखान्याचे केसपेपर मिळवा, हात आणि शुद्ध दोन्ही कळतील. मृत्युपत्र लिहिणाऱ्या बाँड रायटरकडे कोण गेलं, पैसे कोणी दिले, हेही विचारायचं. लाभ घेणाराच सगळी धावपळ करत असेल तर कोर्टाच्या भुवया उंचावतात.

फसवणूक किंवा दबाव मात्र जपून लिहा. तिथे ओझं तुमच्यावर येतं, आणि कोणी, कसा दबाव आणला याचा तपशील दाव्यातच द्यावा लागतो. ‘भावाने दबाव टाकला’ एवढं एक वाक्य निरुपयोगी.

नोटिशीला १५ दिवसांत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. नोंद तक्रारी, म्हणजे वादातली, होईल, सुनावणी लागेल. तिथे हरलात तरी जमीन गेली असं नाही. फेरफाराने मालकी ठरत नाही, मृत्युपत्राचा खरेखोटेपणा दिवाणी कोर्टच ठरवतं. तिथे वाटप, मृत्युपत्र बंधनकारक नसल्याचा कोर्टाचा ठराव (तसं जाहीर करणं) आणि विक्रीला मनाई असा एकत्र दावा लावा, बहिणीलाही पक्षकार करा. ठराव मागायला मुदत तीन वर्षांची असते, तेव्हा ‘पुढच्या दिवाळीनंतर बघू’ नको.

आणि ‘बापनी माले लिखी दिधं’ (बापाने मला लिहून दिलं) म्हणणारा भाऊ एखाद्या दिवशी साडीचोळी घेऊन हक्कसोडपत्रावर सह्या मागायला येईल. तेव्हा त्याला एवढंच विचारा: मृत्युपत्र खरं आहे, तर आमची सही कशाला लागते?