वही देऊ नकोस

पोरी,

काल फोनवर म्हणालीस, "काकू, तो फायनान्सवाला बचत गटातल्या बायकांची नुसती नावंच तर मागतोय. नावामागं शंभर रुपये देतो म्हणाला." सीआरपीचं, म्हणजे गावातले गट सांभाळणाऱ्या तुझ्यासारखीचं, मानधन किती आणि ते किती महिन्यांनी हातात पडतं, मला ठाऊक आहे. म्हणून रागावले नाही. पण गटाची वही देऊ नकोस.

फायनान्सवाल्याला नावं कुठेही मिळतील. बैठक कोण चुकवत नाही, कुणाचा हप्ता थकत नाही, कोण कुणाचं ऐकते, हे त्याला हवंय. तुझ्या वहीत ते सह्या-अंगठ्यांसकट आयतं आहे. आंध्रात 2010 साली हेच झालं. गट आधीच बांधलेले, कंपन्यांनी त्याच बायकांना कर्जावर कर्ज दिलं. शेवटी सरकारला अध्यादेश काढावा लागला.

आपल्या गटातही शेकडा दोनच व्याज, म्हणालीस. अगं, ते व्याज आपल्याच पेटीत परत येतं! सोयाबीन बुडालं तर बैठकीत हप्ता पुढं ढकलता येतो. तिथं मंगळवार म्हणजे मंगळवार. एक आली नाही की बाकीच्या तिच्या दारात.

रिझर्व्ह बँकेचा 2022 चा नियमही वाचून दाखवलास, की सगळे हप्ते मिळून घरच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जायला नकोत. चांगलाय. पण फॉर्मवर उत्पन्नाचा आकडा कोण टाकतं, शेजारी बसून बघितलंस कधी?

मी बघितलंय. अशाच एका फायनान्सवाल्याला आमच्या गटाच्या बैठकीत मीच बसवलं, चहा मीच केला, वही मीच उघडली. आठ जणींनी घेतलं. वर्षभर सगळं गोड. मग एक जण कोयता घेऊन ऊसतोडीला गेली ती परतलीच नाही, आणि तिचे हप्ते भरायला बाकीच्यांनी गटाची बचत मोडली. बारा वर्षांचा गट. शेवटच्या पानावर माझ्याच अक्षरात 'शिल्लक निरंक' आहे.

का बसवलं म्हणशील. बँकेनं आमचा प्रस्ताव सात महिने फिरवला होता. कधी साहेब रजेवर, कधी एक कागद कमी. यानं चार दिवसांत पैसे दिले. पोरांची फी बँकेसाठी थांबते का? कर्ज घेतलं म्हणून मी आजही त्या बायकांना बोल लावत नाही. जिला घ्यायचंय ती आपल्या पायांनी जाईल. मी वही घेऊन दारात उभं राहायला नको होतं, एवढंच.

सोमवारी तो येणार ना? त्याआधी वही अध्यक्षांच्या पेटीत टाक, किल्ली सचिवांकडे दे. आणि बँकेत प्रस्ताव न्यायचा असेल तर मला बोलाव. साहेब रजेवर असले तर दोघी बाकावर बसून राहू.

तुझी काकू