ॲक्रिलिकच्या फिश टँकवरचे पांढरे क्षाराचे डाग कसे काढायचे? (जुना टँक घेतलाय, वरच्या कडेला जाड पांढरी पट्टी आहे, साबणाने जात नाही, ब्लेडने खरवडू की हार्पिक लावू?)

दोन्ही नको. ब्लेडचं तर नावच काढू नका. काचेवर ब्लेड चालतं म्हणून लोक ॲक्रिलिकवर पण फिरवतात आणि मग ते ओरखडे टँक असेपर्यंत बघत बसावं लागतं. तारेची घासणी, भांड्यांची हिरवी घासणी, तो पांढरा मॅजिक स्पंज पण नको, तो मऊ लागतो हाताला पण असतो बारीक पॉलिश पेपरच. हार्पिकमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड, शिवाय रंग आणि सुगंध, ते मासे ठेवायच्या भांड्यात कशाला घालायचं.

तो थर म्हणजे बहुतेक कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनाच. तो खरवडायचा नसतो, विरघळवायचा असतो, आणि त्याला जोर नाही वेळ लागतो.

टँक रिकामा करा, मासे दुसरीकडे. ॲक्रिलिक काचेच्या निम्म्याहून हलकं असतं त्यामुळे लहान टँक असेल तर खाली जुनी चादर घालून सरळ आडवा करा, पट्टीवाली बाजू खाली. आता साधं पांढरं व्हिनेगर, किराणा दुकानात मिळतं ते ४-५ टक्केवालं, पट्टीवर ओता किंवा टिश्यू पेपर भिजवून चिकटवा आणि वर प्लास्टिक लावा म्हणजे सुकणार नाही. थोड्या वेळाने कागदाची कड उचलून बघा, थरावर बारीक बारीक बुडबुडे धरलेले दिसतात, तो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे काम चालू आहे. बुडबुडे थांबले की जुनं व्हिनेगर टाकून ताजं घ्या, जाड पट्टी असेल तर रात्रभर ठेवलं तरी बिघडत नाही. मऊ पडलेला थर जुन्या एटीएम कार्डाने हलकेच सारायचा, आधी कार्डाची कड बोटाने तपासा, खाचा असतील तर दुसरं घ्या. टँकच्या वरच्या कडेला ॲक्रिलिकची आडवी पट्टी असेल तर तिच्या आतल्या बाजूला, जिथे हात नीट जात नाही, तिथेच सगळ्यात जास्त साचलेलं असतं, ते विसरू नका.

आपल्या गोव्यात घरात व्हिनेगर म्हटलं की माडाच्या सुरेचं, सोरपोतेलवालं. ते लावलं तर काम करेल पण रंग असतो, गाळ असतो, आणि महाग पडतं ते वेगळं, ते जेवणातच घाला. बिमलीने (ते आंबट हिरवं फळ) पितळ लखलखतं म्हणून कोणी बिमली सुचवली तर नको, तिच्यात ऑक्झॅलिक ॲसिड असतं आणि ते कॅल्शियमबरोबर न विरघळणारा नवीनच थर करतं. व्हिनेगर नसेल तर सायट्रिक ॲसिड, एक लिटर कोमट पाण्यात दोन-तीन मोठे चमचे. थर पांढरा नसून तांबूस असेल तर ते लोखंड, बोअरच्या पाण्याचं असतं बऱ्याचदा, त्याला सायट्रिकच जास्त चांगलं.

थिनर, ॲसिटोन, स्पिरिट, अमोनिया असलेले काच पुसायचे स्प्रे, यातलं काही लावू नका, ॲक्रिलिकला आत केसासारख्या चिरा जातात, जोडांजवळ आधी. आणि व्हिनेगर असो की काही, ब्लीचबरोबर कधीच नाही, क्लोरीन वायू निघतो. शेवटी साध्या पाण्याने भरपूर धुवा, वास गेला पाहिजे.

परत होऊ नये म्हणून: पाणी उडतं, क्षार मागे राहतात, वर तुम्ही परत नळाचंच ओतता, म्हणून पट्टी जाड होत जाते. उडालेल्या पाण्यापुरतं आरओचं टाका, पण आठवड्याला थोडं पाणी बदलणं सोडू नका. आणि गोड्या पाण्याच्या टँकमध्ये बीचवरून आणलेले शंख-शिंपले शोभेला टाकले असतील (मिरामारला गेलं की मुलं पिशवी भरून आणतातच) तर ते काढा, ते पण चुनाच आहेत, हळूहळू विरघळून पाणी जड करतात.

एवढं करूनही धूसर दिसलं तर नख फिरवून बघा. उंचवटा लागला तर क्षार, परत व्हिनेगर. खाच लागली तर आधीच्या मालकाचे ओरखडे, त्याला ॲक्रिलिक पॉलिश लागेल. पण लगेच पैसे घालू नका, आधी पाणी भरून बघा, आतल्या बाजूचे बारीक ओरखडे पाण्यात बरेचसे दिसेनासे होतात.