खूण नसलेला जुना शिकारी सुरा कुठला, हे कसं ओळखायचं?

आजोबांचा हाताने घडवलेला सुरा सापडला, पात्यावर खूण नाही, दुकानदार शेफील्डचा, म्हणजे सुऱ्या-कात्र्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या इंग्लंडमधल्या गावचा, म्हणतो, असं तुम्ही लिहिलंय. दुकानदाराचं ऐकू नका. शेफील्डचे नामवंत कारखाने सहसा नाव लपवत नसत. तिथल्या जोसेफ रॉजर्स कंपनीची चांदणी आणि माल्टीज क्रूस ही खूण 1764 सालची, तिच्या जोरावर त्यांचा माल हिंदुस्थानात खपायचा. "खूण झिजून गेली" असं कोणी सांगितलं तर तेही लगेच मानू नका. ठसा सहसा मुठीलगत मारतात, धारेचा दगड तिथवर क्वचितच पोचतो.

ठासून सांगतोय, कारण आमच्या बिनखुणेच्या सुऱ्याबद्दल ते झिजलेल्या खुणेचं वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. ग्वाल्हेरच्या लश्कर भागात आमचं जुनं घर. मोठ्या काकांच्या मते आमचा सुरा विलायती, शिवपुरीच्या शिकारीनंतर एका सरदारांनी आजोबांना बक्षीस दिलेला. बाबा म्हणायचे, नाही, रस्त्याकडेला डेरा टाकलेल्या गाडिया लोहाराकडून, म्हणजे बैलगाडीतून फिरणाऱ्या भटक्या लोहाराकडून, समोर बसून घडवून घेतला, भाता मीच ओढला होता. "तू सात वर्षांचा होतास, तुला काय आठवतंय," असं काका चारचौघांत म्हणायचे आणि बाबा गप्प बसायचे.

बाबा गेले त्या वर्षी पावसाळ्यात सांबरशिंगाची मूठ हलायला लागली. पितळी खिळे कानशीने तासून काढले. आत मूठ चिकटवायची, काळी पडलेली लाख होती. ती खरवडली तेव्हा मुठीत शिरणाऱ्या पोलादाच्या टोकाला एक अर्धा गोल दिसला, करंगळीचं टोक बसेल एवढा. खिळ्यांच्या भोकांशी त्याचा काही संबंध नव्हता. गल्लीतल्या मोटार मिस्त्रीला दाखवला. त्याने त्यात बोट फिरवलं आणि म्हणाला, "भैया, ये तो कमानी का पट्टा है." कमानी म्हणजे गाडीच्या चाकांवरची पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग. तिचे पट्टे एकत्र बांधणारा बोल्ट मधल्या भोकातून जातो. लोहाराने गाडीचा जुना पट्टा नेमका त्या भोकावर तोडून सुरा घडवला होता. बाबा खरं बोलत होते.

म्हणून तुमची मूठ आधीच सैल असेल तरच काढून आत बघा, घट्ट असेल तर हात लावू नका. आणि घरात ज्याला कोणी बोलू देत नाही त्याला आधी विचारा. शिकारीच्या गोष्टी सांगणाऱ्याला नंतर.

हो, बग्गीच्या कमानीलाही असंच भोक असतं, त्यामुळे त्यावरून साल ठरत नाही. रॉजर्सच्या खुणेची नक्कलही खूप झाली, तेव्हा ठसा सापडला तरी लगेच हुरळू नका. मूठ सांबरशिंगाची असेल तर विकायच्या भानगडीत पडू नका, 1972 च्या वन्यजीव कायद्यात अडकाल. आधी वनखात्यात विचारा.

आमची मूठ मी परत बसवलेली नाही. काका घरी आले की सुरा तसाच उघडा समोर ठेवतो.