‘किन्नर’ हा सभ्य शब्द कुणी ठरवला?

प्रश्न सोलापुरातल्या एका माध्यमिक शाळेतल्या बाईंचा आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनाला त्यांनी एका तृतीयपंथी कार्यकर्तीला प्रमुख पाहुण्या म्हणून बोलावलं आहे. मुख्याध्यापक म्हणतात, पत्रिकेत ‘किन्नर’ छापा, संस्कृत आणि सभ्य शब्द आहे. मराठीचे सर ‘तृतीयपंथीय’वर अडून बसलेत. बाईंची कॉलेजातली भाची ‘पारलिंगी’ म्हणते. यातला शुद्ध कोणता, आणि नावाआधी श्री. लावायचं की श्रीमती, असं बाईंनी विचारलंय.

आधी ‘किन्नर’चा निकाल लावतो, कारण बातम्यांत आणि सत्कारांच्या भाषणांत तो ऐकून कान किटले आहेत. वापरणाऱ्याला वाटतं, आपण जखमेवर फुंकर घालतोय. अमरकोश, म्हणजे संस्कृतचा जुना शब्दकोश, उघडा. किन्नर, किंपुरुष, तुरंगवदन, मयु हे एकाच गटातले शब्द. तुरंगवदन म्हणजे घोडतोंड्या. कुबेराच्या दरबारात गाणारी ही देवयोनी. त्यांच्यात किन्नर आहेत, तशा किन्नरीही आहेत. स्त्री-पुरुषापलीकडच्या माणसांशी त्यांचा काडीचा संबंध नाही. आता शब्दाची फोड करा : किम् अधिक नर. पाणिनीचं सूत्र आहे ‘किं क्षेपे’, दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादातलं ६४वं. क्षेप म्हणजे निंदा. निंदा करायची असली की नामाला ‘किम्’ जोडतात. पाणिनीच्या सूत्रांवरची जुनी टीका म्हणजे काशिका, तिच्यातली उदाहरणं पाहा : जो प्रजेचं रक्षण करत नाही तो किंराजा, जो मित्राचाच घात करतो तो किंसखा. याच साच्यात ‘किन्नर’ बसवला की अर्थ निघतो, ‘हा कसला माणूस!’ चौकात टवाळ पोरं जे तोंडावर विचारतात, तेच आपण संस्कृतात विचारायचं आणि त्याला सभ्यता म्हणायचं? शिवाय हिमाचलात किन्नौर नावाचा अख्खा जिल्हा आहे. तिथल्या लोकांनी या वापरावर हरकत घेतलेली आहे, तीही रास्त.

एक मात्र मान्य. कुणी स्वतःला किन्नर म्हणवून घेत असेल, तर तिथं माझ्या व्युत्पत्तीचं काम नाही. २०१५ साली तृतीयपंथी साधूंचा किन्नर आखाडा उभा राहिला, त्यांनी तो शब्द आपला म्हणून घेतला. त्यांचा शब्द त्यांचा. मुख्याध्यापकांनी दुसऱ्याच्या वतीने तो निवडू नये.

‘हिजडा’बद्दल बाईंनी विचारलेलं नाही, पण लोक विचारतातच. मोल्सवर्थच्या एकोणिसाव्या शतकातल्या मराठी-इंग्रजी कोशात हा शब्द आहे, म्हणजे मराठीत तो मुरून दीडशेहून अधिक वर्षं झाली. अनेक अभ्यासक तो अरबी ‘हिज्र’वरून काढतात, टोळी सोडून गेलेला, घर सोडलेला, अशी हृदयस्पर्शी गोष्ट त्याला जोडतात. मला हे अजिबात पटत नाही. त्याच अरबी धातूतून आलेली हिजरत आपल्याकडे हिजरतच राहिली आणि हिजरी सनाचा ‘हिजडी सन’ कधी झाला नाही. मग याच एका शब्दात ‘र’चा ‘ड’ कुठून आला? फारसीत ‘हीज’ आहे, बायकी पुरुषासाठी वापरायचा हलका शब्द. त्याला आपला देशी ‘डा’ लागला, जिवडा-मुखड्यात लागतो तोच. सरळ वाट समोर असताना लोक अरबस्तान फिरून येतात, कारण गोष्ट गोड आहे. पण गोड गोष्ट म्हणजे व्युत्पत्ती नव्हे.

‘षंढ’ आणि ‘नपुंसक’ यांची तर आपण पार दशा केली आहे. मोर्चात घोषणा काय, तर ‘षंढ सरकार’. अग्रलेखात काय, तर ‘नपुंसक व्यवस्था’. सोबत बांगड्यांचा आहेर ठरलेला. एका दगडात बायका आणि तृतीयपंथी दोघांना मारायचं, आणि ज्याला मारायचं त्या मंत्र्याला मात्र काही लागत नाही. ‘नपुंसक’ म्हणजे पुरुषत्व नसलेला, हा अर्थ शाळेपासून डोक्यात बसलाय. काशिकाकार तसं सांगत नाहीत. त्यांची फोड ‘न स्त्री, न पुमान्’ अशी आहे. स्त्रीही नव्हे, पुरुषही नव्हे. शब्द घडताना ‘स्त्री’ गळाली आणि नुसता ‘पुंसक’ उरला. उणीव दाखवणारा तो शब्दच नव्हता, बाजूला उभी असलेली तिसरी जागा दाखवणारा होता. कामसूत्र तर ‘तृतीया प्रकृति’ असं सरळ म्हणतं, आणि तिचे दोन प्रकार सांगतं, स्त्रीरूपिणी आणि पुरुषरूपिणी.

आता मूळ मुद्द्यावर येतो, तो म्हणजे ‘लिंग’. भाचीचा ‘पारलिंगी’ ऐकून स्टाफरूममध्ये लोक अवघडले असणार. सोलापूरकरांनी तरी अवघडू नये. सिद्धरामेश्वरांनी गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली, संक्रांतीला नंदीध्वज त्यांना तेलाभिषेक करत फिरतात, लहान पोरालाही ते पाठ असतं. लिंग म्हणजे खूण. नैयायिकांच्या, म्हणजे तर्कशास्त्र्यांच्या, शास्त्रात धूर हे अग्नीचं लिंग आहे, कारण धूर दिसला की आग कळते. देवाची खूण लिंग, आगीची खूण लिंग, तशीच बाईपणाची-पुरुषपणाची खूणही लिंग. खूण म्हणजे वस्तू नव्हे, हे ध्यानात ठेवा.

ही खूण कशावरून ओळखायची, याचा वाद पतंजलीने महाभाष्यात, म्हणजे पाणिनीच्या व्याकरणावरच्या भाष्यात, मांडला आहे. तिथला श्लोक प्रसिद्ध आहे : ‘स्तनकेशवती स्त्री स्यात् लोमशः पुरुषः स्मृतः। उभयोरन्तरं यच्च तदभावे नपुंसकम्॥’ स्तन आणि केस असतील ती स्त्री, अंगावर लव असेल तो पुरुष, दोन्ही नसून दोहोंच्या मधलं ते नपुंसक. लोक हा श्लोक इथंच सोडतात आणि म्हणतात, पाहा, शास्त्रानेच ठरवलंय. पुढे वाचत नाहीत! पुढच्याच ओळीत हे लक्षण मोडून काढलंय. असं मानलं तर ‘भ्रूकुंस’ शब्दाला, म्हणजे स्त्रीवेष घेतलेल्या नटाला, स्त्रीप्रत्यय लावावा लागेल. आणि खट्वा, म्हणजे खाट, तिला तर स्तनही नाहीत आणि केसही नाहीत. ती स्त्रीलिंगी कशी? देहाच्या खुणेने काम भागत नाही. मग भाष्यकार पुन्हा पुन्हा एकच वाक्य सांगतात : ‘लिङ्गमशिष्यं लोकाश्रयत्वाल्लिङ्गस्य.’ लिंग शिकवायची गोष्ट नाही, ते लोकांच्या आश्रयाने राहतं. बोलणारे बोलतील तसं.

आता माझं एक ठाम मत ऐका. कानडीतला जुना वचनकार, म्हणजे वचनं रचणारा शिवभक्त कवी, जेडर दासिमय्या. मुदनूरचा, जातीने विणकर. ‘जेडर’ म्हणजेच विणकर. मागावर पोसलेल्या सोलापूरने याला डोक्यावर घ्यायला हवं होतं. त्याचं वचन असं : ‘मोले’ आणि ‘मुडी’ आली की बाई म्हणतात, दाढी-मिशी आली की बाप्या म्हणतात, पण मध्ये वावरणारा आत्मा बाई नाही आणि बाप्याही नाही, रामनाथा. मोले म्हणजे स्तन, मुडी म्हणजे केसांचा बुचडा. आता दोन्ही शेजारी ठेवा. तिथं स्तन-केश, इथं मोले-मुडी, क्रमसुद्धा तोच. तिथं लोमश, इथं दाढी-मिशी. तिथं ‘उभयोरन्तरम्’, इथं ‘नडुवे’, म्हणजे मध्ये. हा योगायोग नाही. दासिमय्याने तो श्लोक ऐकलेला होता आणि त्याला उत्तर दिलं, असं मी म्हणतो. पंडित म्हणाला, मधलं ते अभावाचं. विणकर म्हणाला, मधलं तेच खरं, बाकीचं लोक ‘म्हणतात’. वचनसाहित्याचे जाणकार याला स्त्री-पुरुष समतेचं वचन म्हणून मोकळे होतात. समता आहेच, पण त्या वचनात ‘नडुवे’ शब्द कशाला आला, याचं उत्तर ते देत नाहीत. शब्दाला शब्द भिडवून वाचायचा कंटाळा, दुसरं काय.

पतंजली शब्दांच्या लिंगाबद्दल बोलतो, माणसांच्या नव्हे, असा आक्षेप कुणी घेईल. पण मराठी बोलणाऱ्याला हे दोन वेगळे ठेवता येतच नाहीत, आपलं क्रियापद ते ठेवू देत नाही. सोलापुरात घरी कानडी-तेलुगू बोलणारी हजारो कुटुंबं आहेत. कानडीत ‘नानु होदे’ म्हटलं की मी गेलो आणि मी गेले, दोन्ही झालं. तेलुगूतही ‘नेनु’चं तेच. त्याच घरातल्या मुलाला मात्र शाळेत मराठी बोलताना पहिल्याच वाक्यात सांगावं लागतं, गेलो की गेले. ज्या मुलाच्या मनातलं उत्तर आणि हजेरीपटावरचं उत्तर जुळत नाही, त्याला ‘मी आलो’ एवढं म्हणतानाही घसा कोरडा पडतो. आणि ते मूल चुकून ‘आले’ म्हणालं की वर्गात खसखस. कोल्हापूर-बेळगावकडे बायका सर्रास ‘मी येतो’ म्हणतात, तिथं कुणाला हसू येत नाही. तेव्हा हसू व्याकरणाचं नाही, त्या मुलाचं असतं.

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ ला नालसा, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या, खटल्यात निकाल दिला. न्यायमूर्ती राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती सिक्री यांनी सांगितलं की पुरुष, स्त्री की तृतीय, हे ज्याचं त्याने ठरवायचं. मला त्यात ‘लोकाश्रयत्वात्’च ऐकू येतं, फक्त इथं ‘लोक’ म्हणजे खिडकीतला कारकून नव्हे, स्वतः बोलणारा माणूस.

‘तृतीयपंथी’ आणि ‘तृतीयपंथीय’ यांतला वाद मराठीच्या सरांनी सोडून द्यावा. एकाला ‘ई’, दुसऱ्याला ‘ईय’, दोन्ही ठीक. सरकारी कल्याण मंडळाच्या नावात ‘तृतीयपंथीय’ आहे, बोलताना सगळे ‘तृतीयपंथी’ म्हणतात. खरी मेख ‘पंथ’मध्ये आहे. गुरू, चेले, घराणं, दीक्षा हे सगळं बाहेरच्यांनी पाहिलं आणि नाथपंथ, महानुभाव पंथ यांच्या पंगतीत हाही एक पंथ बसवला. घराण्यातल्यांना तो शब्द चपखल बसतो. पण अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात शिवणकाम करणारी, कुठल्याही गुरूची चेली नसलेली एखादी, तिचा पंथ कोणता? जन्मनोंदीत मुलगी आणि मनाने पुरुष असलेल्याचा पंथ कोणता? त्यांच्यासाठी ‘पारलिंगी’ हवाच. ‘पार’ म्हणजे पलीकडचा काठ. नोंदीतल्या खुणेच्या पलीकडे गेलेला तो पारलिंगी. भाचीला सांगा, शब्द उत्तम आहे.

आणि आपल्या मातीतला शब्द तर कुणी काढलाच नाही : जोगता. कानडी मुलखात जोगप्पा. सौंदत्तीच्या यल्लम्माला वाहिलेला, लुगडं नेसलेला, डोक्यावर जग (देवीची मूर्ती ठेवलेली पाटी) नाहीतर हातात परडी घेऊन मंगळवारी-शुक्रवारी जोगवा मागणारा. बायका त्याच्या कपाळाला हळदकुंकू लावतात, ‘आई’ म्हणून वाकून नमस्कार करतात, परडीतला भंडारा लेकराच्या कपाळी लावून घेतात. दुपारी तोच माणूस दवाखान्यात केसपेपरला उभा राहिला की पुरुषांच्या रांगेतून ‘ए, तिकडं सर’ आणि बायकांच्या रांगेतून ‘इकडं नको’. शब्दाचं मूळ मात्र पाहा. योगातून जोग, त्यातूनच जोगी, जोगवा, जोगतीण. योग्यमधून ‘जोगा’ : करण्याजोगा, घेण्याजोगा. सगळ्यांच्या मुळाशी ‘युज्’, जोडणं. बैलाच्या मानेवरचं जू त्याच कुळातलं. जोगता म्हणजे देवीशी जोडलेला. म्हणून तर दीक्षेला मोती ‘बांधणं’ म्हणतात, कानडीतही ‘मुत्तु कट्टुवुदु’, बांधणंच. २०१९ साली संसदेने जो कायदा केला, त्याच्या व्याख्येत किन्नर, हिजडा, अरवाणी यांच्या जोडीने ‘जोगता’ आहे. मंजम्मा जोगती यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा हा शब्द राष्ट्रपती भवनापर्यंत गेला. सोलापुरात तो अजून शिवी म्हणून वापरतात, याचा मला संताप येतो.

आपल्याच जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावाने २०१७ मध्ये तृतीयपंथी उमेदवाराला सरपंच निवडलं. गावात त्यांना ‘माउली’ म्हणतात. ‘माउली’ स्त्रीलिंगी, आणि आपण ती म्हणतो ज्ञानेश्वरांना. पंढरपूरचा विठोबाही विठाई होतो, कुणाचं काही अडत नाही.

राहिलं श्री. आणि श्रीमती. पाहुण्यांना फोन करून विचारा, त्या सांगतील ते लावा. कार्यकर्तीला कोणता शब्द हवा, तेही त्याच फोनवर विचारून घ्या आणि तोच छापा. नुसतं ‘सामाजिक कार्यकर्त्या’ हवं असेल तर तेवढंच. पत्रिकेत ‘प्रमुख उपस्थिती’ लिहून नावापुढे ‘यांची’ घातलं तरी चालतं, ‘यांची, यांना, यांच्या हस्ते’ या रूपांना लिंग नाही. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलांनाही हेच शिकवा : ‘आला’, ‘आली’ अडखळत म्हणण्यापेक्षा ‘आपण आलात’. ‘आलात’ दोघांनाही चालतं.