आधी पैसे, मग वस्तू

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा कौतुकानं, दुसऱ्यांदा वैतागून.

कौतुक गणिताचं. लॅपटॉप कसा घ्यावा ते ठरवायला वस्तूची किंमत 1000 धरून तू दोन रकाने आखलेस. डावीकडे लेअवे: 100 विसार देऊन वस्तू दुकानदाराकडेच राखून ठेवायची, तीन महिने 300-300 भरायचे, व्याज नाही पण सेवाशुल्क 50, आणि शेवटचा हप्ता दिला की मग वस्तू घरी. उजवीकडे क्रेडिट कार्ड: वस्तू आजच घरी, महिन्याला 2 टक्के व्याज, तीन सारख्या हप्त्यांत फेडलं तर व्याज साधारण 40. आणि खाली विचारलंस, कार्ड 10 नं स्वस्त पडत असताना माणसं लेअवेच्या भानगडीत पडतात कशाला?

बेरीज चोख आहे. पण ते 'फेडलं तर' लिहिलंयस ना, त्यातल्या 'तर'मध्ये माझी चार वर्षं गेली.

तुझ्याच वयाची असताना मी कार्डावर कॅमेरा घेतला. बेत तीन महिन्यांचाच होता. पहिलं स्टेटमेंट आलं, त्यावर दोन आकडे: एकूण बाकी आणि किमान देय रक्कम. दुसरा किती लहान, किती समजूतदार! त्या महिन्यात काहीतरी खर्च निघाला होता. काय ते आता आठवतही नाही, यावरूनच त्याची निकड समज. मी लहान आकडा भरला. पुढच्या महिन्यातही तोच.

आता तुझ्या त्याच वहीत तिसरा रकाना आखून बघ. बाकी 1000, व्याज महिन्याला 2 टक्के, किमान रक्कम बाकीच्या 5 टक्के. वर्षभर नेमानं भरलंस तर खिशातून जातात साधारण 518. कर्ज उतरतं फक्त 315. उरलेले 203 व्याजात जिरले. आणि वर्षभर एकही हप्ता न चुकवल्याचं समाधान मिळतं ते वेगळंच! शिवाय तुझ्या रकान्यांत एक गोष्ट आलेलीच नाही. मागची बाकी पूर्ण फेडली नाही, की नव्या खरेदीला मिळणारी बिनव्याजी मुदतही बहुतेक कार्डांवर जाते. मग त्याच कार्डावर घेतलेला किराणा, औषधं, सगळ्यावर खरेदीच्या दिवसापासून व्याज चढतं. तू एका वस्तूचं गणित मांडलंस. कार्ड एका वस्तूपुरतं थांबत नाही.

कॅमेऱ्याचं कर्ज फिटायच्या आधीच लेन्सच्या आत बुरशी धरली. कोळ्याच्या जाळ्यासारखी, उजेडाकडे धरलं की दिसायची. मी पुढे सात-आठ महिने त्या जाळ्याचे पैसे भरत होते.

म्हणून सांगते, आधी पैसे, मग वस्तू. क्रम उलटा झाला की वस्तू आपली राहत नाही, आपणच तिचे होतो.

तू म्हणशील, मग दुकानदाराला 50 तरी का द्यायचे? आपल्याच खात्यात साठवावेत आणि रोख घ्यावी. अगदी बरोबर. लेअवेत खरं तर आपणच दुकानदाराला बिनव्याजी पैसे वापरायला देतो, वर शुल्कही आपणच भरतो. हिशेबी माणसाला हसू येईल असा व्यवहार आहे. तुझ्याच्यानं साठवणं होत असेल तर तसंच कर, पुढचं वाचूही नकोस. माझ्याच्यानं होत नाही. खात्यात पैसे दिसले की मला गरजा सुचतात. ते 50 मी स्वतःला बांधून घेण्याचे देते. अमेरिकेत 1930 च्या दशकातल्या मंदीत ही पद्धत फोफावली, तेव्हा सामान्य माणसाच्या खिशात क्रेडिट कार्ड नव्हतंच. पुढे कार्डं घरोघरी गेली आणि लेअवेची पद्धत मागे पडली. वॉलमार्टनं 2006 मध्ये ती बंद केली, 2011 मध्ये सणासुदीच्या खरेदीसाठी पुन्हा आणली आणि 2021 मध्ये थांबवेपर्यंत चालू ठेवली. म्हणजे कार्डांच्या जमान्यातही बांधून घ्यायला तयार असणारी मी एकटीच नाही.

आता माझ्या विरुद्ध जाणाऱ्या गोष्टीही सांगते, नाहीतर तू दुसरीकडून ऐकशील आणि मला लबाड म्हणशील.

लेअवेत माझे दोन हप्ते बुडालेत. दुकान एका रात्रीत बंद झालं, शटरवर साधी चिठ्ठीही नव्हती. कार्डानं दिले असते तर वस्तू मिळाली नाही म्हणून बँकेकडे तक्रार करून पैसे परत मागता आले असते. इथे हातात पावती तेवढी राहिली. तरी माझं म्हणणं तेच आहे: बुडाले ते माझे होते, उसने नव्हते. दुसऱ्या दिवसापासून मला कुणाचं देणं नव्हतं.

आणि हो, कॅमेऱ्याचं फिटल्यावर मी कार्ड कापून टाकलं, दुसरं घेतलंच नाही. पुढे घरासाठी कर्ज मागायला गेले तर समोरचा माणूस म्हणाला, तुमच्या परतफेडीची अलीकडची काही नोंदच नाही. लेअवेचे हप्ते सहसा अशा नोंदींत धरत नाहीत. इतकी वर्षं कुणाचं एक पैसा देणं ठेवलं नाही, म्हणून मी बेभरवशाची! घर तीन वर्षं लांबलं. भाऊ अजून म्हणतो, हा तुझा हट्ट महाग पडला. पडला असेल. त्या तीन वर्षांत मला झोप मात्र लागत होती, ती कुठल्या रकान्यात मांडायची ते त्याला विचार.

तुझं प्रकरण थोडं वेगळं आहे, हे मला कळतं. लॅपटॉपशिवाय काम सुरू होत नसेल तर तीन महिने तो दुकानाच्या कपाटात ठेवून काय उपयोग? तसं असेल तर जुना, स्वस्तातला, रोखीनं घे. काम चालू कर. हवा तो मागाहून राखून ठेव. अगदीच कार्ड घ्यायचं असेल तर फक्त तेवढंच त्यावर घे, जेवढं आत्ता खात्यात आहे, आणि दर महिन्याला मोठा आकडा भर. लहान आकड्याकडे बघायचंसुद्धा नाही. हेही आधी पैसे, मग वस्तू असंच झालं. फक्त मधे कार्ड फिरवलं, नोंदीपुरतं. (एवढं मला तेव्हा सुचलं असतं तर!)

दुकानात जाशील तेव्हा तोंडी बोलण्यावर राहू नकोस. मधेच सोडलं तर किती कापतात, उरलेले रोख परत देतात की दुकानातच खर्च करायला लावतात, हप्त्याला उशीर झाला तर काय, हे सगळं सहसा पावतीवर छापलेलं असतं, बारीक अक्षरात, मागच्या बाजूला. विसार द्यायच्या आधी त्या मागच्या बाजूचा फोटो मला पाठव. अंधुक नको, गेल्या वेळेसारखा.

मावशी