‘हॅवन्ट यू फिनिश्ड?’ या प्रश्नाला ‘यस’ म्हणावे की ‘नो’?

आपण विचारले आहे की ‘हॅवन्ट यू फिनिश्ड?’ असे कोणी विचारले आणि काम झालेले नसेल, तर ‘यस’ म्हणावे की ‘नो’. आणि एकाच वाक्यात दोन नकार आले, तर अर्थ कसा लावावा. पहिल्याचे उत्तर ‘नो’ असे आहे, पण ते आपल्याला उलटे का वाटते हे कळल्याशिवाय अंगवळणी पडत नाही.

मराठीत ‘हो’ आणि ‘नाही’ हे बहुधा विचारणाऱ्याच्या समजुतीला दिलेले उत्तर असते. ‘काम झाले नाही ना?’ असे विचारल्यावर आपण ‘हो, नाही झाले’ म्हणतो, म्हणजे तुमचा अंदाज बरोबर आहे. आणि झाले असेल तर ‘नाही नाही, झाले की!’ म्हणतो. इंग्रजीतील ‘यस’ आणि ‘नो’ मात्र उत्तरातील क्रियापदाशी बांधलेले असतात. ‘यस, आय हॅव’ किंवा ‘नो, आय हॅवन्ट’ एवढ्याच जोड्या जुळतात. म्हणून प्रश्नातला ‘नॉट’ मनातल्या मनात खोडावा आणि उरलेल्या साध्या प्रश्नाला उत्तर द्यावे.

हे मी ठेच लागून शिकलो. बदली वस्तू न मिळाल्याची तक्रार करायला मी एकदा फोन केला होता. पलीकडून ‘हॅवन्ट यू रिसीव्ड इट?’ असे विचारले गेले, मी ठामपणे ‘यस’ म्हणालो, ‘ग्रेट!’ असे ऐकू आले आणि तक्रार निकाली निघाली.

‘डू यू माइंड इफ आय सिट हिअर?’ या प्रश्नात ‘नॉट’ कुठेच नाही, तरी गोंधळ तोच होतो, कारण ‘माइंड’ या क्रियापदातच हरकत दडलेली आहे. बसू द्यायचे असेल, तर ‘नो, नॉट अॅट ऑल’ म्हणावे.

इंग्रजीची ही अडचण पूर्वी एवढी नव्हती. साध्या प्रश्नाला ‘ये’ आणि ‘ने’, तर नकारार्थी प्रश्नाला ‘यस’ आणि ‘नो’, असे चार शब्द तिथे होते, आणि 16व्या शतकात इंग्रज विचारवंत टॉमस मोर यांनी विल्यम टिंडल यांच्या बायबलच्या भाषांतरात ‘ने’च्या जागी ‘नो’ आल्याबद्दल त्यांना धारेवर धरले होते. पुढे हा भेद पुसला गेला. फ्रेंचमध्ये ‘सी’ आणि जर्मनमध्ये ‘डॉख’ हे नकार खोडून काढणारे वेगळे शब्द आजही आहेत.

आता दोन नकारांविषयी. ‘इट इज नॉट इम्पॉसिबल’ मध्ये ते एकमेकांना कापतात, पण पूर्ण नाही. ‘अशक्य नाही’ आणि ‘शक्य आहे’ यांत मराठीतही जे अंतर आहे, तेच तिथे आहे. वर मी ‘कळल्याशिवाय पडत नाही’ असे लिहिले, त्यातही दोन नकार आहेत आणि आपण बहुधा अडखळला नसाल. याउलट ‘आय डिडन्ट सी नोबडी’ या बोलीतील वाक्यात दुसरा नकार पहिल्याला बळ देतो. अर्थ ‘मला कोणीच दिसले नाही’ असाच होतो. 14व्या शतकातील इंग्रजी कवी चॉसर यांच्या काळी ही रचना सर्रास चालत असे. 18व्या शतकातील व्याकरणकारांनी गणिताचा नियम लावून तिला अशुद्ध ठरवले. लेखनात ती टाळावी, पण ऐकताना बोलणाऱ्याला ‘कोणीतरी दिसले’ असे म्हणायचे आहे, असे समजू नये. अपवाद एकच: ‘नोबडी’वर मुद्दाम जोर दिला, तर मात्र तोच अर्थ निघू शकतो.

‘इज इट नॉट ट्रू दॅट यू डिड नॉट साइन?’ यासारख्या उलटतपासणीच्या प्रश्नाला मात्र नुसते ‘यस’ किंवा ‘नो’ म्हणूच नये, कारण अशा उत्तराचा अर्थ इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही नेमका लावता येत नाही. सही केली नसेल, तर ‘आय डिड नॉट साइन’ असे पूर्ण वाक्य म्हणावे.